घरची गाडी, धंद्याची गाडी

करखात्याच्या तपासनीस बाई दहा वाजता येणार होत्या आणि उजाडल्यापासून लाँड्रीच्या आवारात अशी धांदल उडाली होती की धुवायला आलेल्या कपड्यांना कोणी विचारत नव्हतं. धुतल्या जात होत्या त्या गाड्या. थोरला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रबरी नळी धरून उभा होता. धाकटा व्हॅनच्या टपावर चढून फडकं मारत होता. आणि आई, जिला डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं होतं, ती खुर्ची टाकून चाकाशेजारी बसली होती आणि दातांच्या जुन्या ब्रशाने नटबोल्टांवरची माती काढत होती. या घरात डाग दिसला की हात शिवशिवतात. तीन पिढ्यांचा हा आजार, त्यावर औषध नाही. आजोबांनी सायकलवर गाठोडी वाहून हा धंदा सुरू केला, तेव्हा म्हणे ते सकाळी आधी सायकल पुसायचे आणि मग स्वतःचं तोंड धुवायचे.

मधली व्हॅनभोवती नुसत्या येरझाऱ्या घालत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि जीव टांगणीला लागला की तिच्या हातून काम होत नसे, फक्त चालणं होई.

थोरल्याच्या पाठची आणि धाकट्याच्या आधीची म्हणून ती मधली. संसार मोडून ती माहेरी परतली त्या वर्षी वडिलांनी तिच्या हातात व्हॅनची किल्ली ठेवली होती, तेवढ्यापुरती, नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत. ड्रायव्हर मिळालाच नाही, किंवा कोणी शोधलाच नाही. वडील गेले, तिचे केस पांढरे झाले, तरी ते तेवढ्यापुरतं काही संपलं नव्हतं. रोज सकाळी हॉटेलांच्या चादरी, खानावळींचे टेबलक्लॉथ आणि दवाखान्यांचे गाऊन घेऊन निघायचं आणि मळके घेऊन परतायचं. शहरातल्या निम्म्या इमारतींची पुढची दारं तिने कधी पाहिली नव्हती, पण मागच्या दारांच्या कड्या तिला अंधारातही उघडता आल्या असत्या. व्हॅनमध्ये बसली की ती कोणाची परत आलेली बहीण नसे आणि कोणाची नणंदही नसे. ती त्या सीटवर सुखी होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण या घरात सुखी असल्याचं कळलं की लगेच कोणीतरी काम सांगतं.

आणि आज त्या व्हॅनचा निकाल लागणार होता. झालं असं होतं की थोरल्याने कराच्या हिशेबात तीन वाहनांचा सगळाच्या सगळा खर्च धंद्याचा म्हणून दाखवला होता. व्हॅन, स्वतःची नवी गाडी आणि धाकट्याची मोटारसायकल. इंधन, दुरुस्ती, विमा, वाहन जुनं होतं त्याचा घसारा, काही म्हणून सोडलं नव्हतं. खात्याने विचारलं, ही वाहनं धंद्यासाठीच फिरतात हे कशावरून? फेऱ्यांची नोंद ठेवा, नोंद ठेवा म्हणून कर सल्लागार वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होता. पण मधलीला लिहायचा कंटाळा, आणि थोरल्याला लिहून ठेवण्यात धोका दिसे. कागद नाही तर डोळ्यांनी बघू, असं खात्याने कळवलं आणि बाई यायचं ठरलं.

व्हॅनची वजावट मान्य झाली तर नवी व्हॅन घ्यायची, नाही तर हे खटारं विकून टाकायचं आणि पोचवण्याचं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं, असा निर्णय थोरल्याने जेवताना जाहीर केला होता. आणि मी, असं मधलीने विचारल्यावर तो म्हणाला होता, तू काउंटरवर बस, कपड्यांना चिठ्ठ्या लाव. काउंटरचं ते उंच स्टूल थोरल्याच्या काचेच्या केबिनच्या बरोबर समोर होतं. त्यावर बसणाऱ्या माणसाला शिंकतानाही परवानगी घ्यावीशी वाटे.

गाड्या धुऊन होत आल्या तेव्हा थोरल्याने दोघा भावंडांना इस्त्रीच्या खोलीत बोलावलं. तिथला मोठा रोलर गरम होत होता आणि खोलीभर ओल्या कापसाचा वास पसरला होता. महत्त्वाचं बोलायला थोरला नेहमी हीच खोली निवडत असे, कारण उकाड्यामुळे कोणी फार वेळ वाद घालत नाही.

"हे बघ," तो मधलीला म्हणाला, "बाई तुलाही विचारतील. सांगायचं, नवी गाडी धंद्याचीच आहे. गिऱ्हाइकांकडे जाते, बँकेत जाते. बाकी बोलायचं नाही."

"आणि वहिनी तिच्यातून माहेरी जाते ते?"

"वाटेत दोन हॉटेलं लागतात."

धाकट्याला हसू आलं. कालपर्यंत तो मधलीच्या बाजूने होता. दादाने त्या गाडीचा हट्ट सोडला तर व्हॅन सहज वाचेल, असं तोच जिन्यात उभा राहून तिला सांगत होता, आणि भाऊ असावा तर असा, असं तिला वाटलं होतं. आता थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोटारसायकलही धंद्याचीच म्हणून राहील, असं सांगितलं. ती मोटारसायकल संध्याकाळी मित्रांकडे जाण्याखेरीज कुठे गेलेली कोणी पाहिली नव्हती. धाकट्याने रोलरकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाला की दादाचं म्हणणं तसं बरोबरच आहे, एकी असली पाहिजे. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे घर जागच्या जागी होतं, वासाच आधी फिरला.

"तू एवढं केलंस," थोरला पुढे म्हणाला, "तर व्हॅन राहील. नुसती राहील नाही, नवी घेऊ. मागे माल चढवायची लिफ्ट असलेली. माझा शब्द."

लिफ्ट. ओल्या चादरींच्या टोपल्या उचलून मधलीची कंबर कामातून गेली होती, आणि लिफ्ट असलेल्या व्हॅनकडे ती सिग्नलला थांबली की अशी बघे जशी लहान मुलं दुकानाच्या काचेकडे बघतात. तिने बरं म्हटलं. म्हणताना जराशी लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता, आणि मोठ्याने लहानाला मागे ढकललं.

सल्लागार ठरल्याआधीच आला. घाईत चालणारा, घाईत बोलणारा, लहान चणीचा माणूस. वडिलांच्या वेळेपासून या घराचा हिशेब तोच बघत होता, आणि वडिलांचं उठवलं नसेल इतक्या वेळा या घराने त्याचं डोकं उठवलं होतं. त्याने आवारात पाऊल टाकलं, व्हॅनकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

व्हॅन सुंदर दिसत होती, हाच तर घोटाळा होता. कपडे टांगायचे लोखंडी गज धुण्यासाठी काढले होते, चाकं लावलेल्या टोपल्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या. धुतलेलं आणि मळकं वेगळं ठेवणारा कॅनव्हासचा पडदा दोरीवर टपटप गळत होता. आणि बाईंना आत बसून नीट बघता यावं म्हणून धाकट्याने माळ्यावरच्या जुन्या सीटा काढून आत मांडल्या होत्या. आईने त्यांना कडक इस्त्रीचे पांढरे अभ्रे चढवले होते. दोन उशा सुद्धा ठेवल्या होत्या.

"ही मालाची गाडी?" सल्लागार म्हणाला. "ही तर सहलीला निघालीय."

पलीकडे थोरल्याच्या नव्या गाडीत वहिनी गाठोडी कोंबत होती. गाडी धंद्याची दिसायला हवी, असं तिला नवऱ्याने सांगितलं होतं, आणि वहिनीला सांगितलेलं काम अर्धवट करायची सवय नव्हती. मागची सीट, पुढची सीट, पायाखालची जागा, सगळीकडे पांढरी गाठोडी. गाडीचं मागचं दार लागेना म्हणून ती त्याला पाठ लावून रेटत होती. सल्लागाराने गज बसवा, सीटा काढा, गाठोडी हलवा असं एका दमात सांगितलं. पण कोण काय करणार यावर भावाभावांची जुंपली. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

बाई चालत आल्या होत्या. साधे सपाट बूट, खांद्याला पिशवी, आवाज हळू. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, आईला बसूनच राहा म्हणाल्या, आणि सरळ व्हॅनमध्ये जाऊन पांढऱ्या अभ्र्यावर बसल्या. उशीवर हात टेकवला.

"छान ठेवलीय हो," त्या म्हणाल्या. "सगळे मिळून जाता वाटतं फिरायला?"

आईला हे कौतुक वाटलं. तिने खुशीत सांगून टाकलं की आमच्याकडे कुठे म्हणून डाग दिसायचा नाही. सल्लागाराने डोळे मिटले.

थोरला घाईने बाईंना नव्या गाडीकडे घेऊन गेला. रोज माल वाहते, बघा ना, भरलेलीच आहे, असं तो सांगत होता. बाईंनी एक गाठोडं उचललं, खालचा मऊ गालिचा पाहिला, मागच्या काचेला चिकटवलेलं हसरं बदक पाहिलं, गाठोडं परत ठेवलं. मग त्या आवाराच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे माल गाडीतून जातो आणि माणसं व्हॅनमधून. असं लिहू?"

मधलीने भावाकडे पाहिलं. त्याने नाही म्हणायचं होतं, बस एवढंच. पण नाही म्हटलं की गाठोड्यांचं नाटक उघडं पडणार होतं आणि गाडी जाणार होती. हो म्हटलं की जाणार होती ती व्हॅन. थोरल्याच्या चेहऱ्यावर तो तराजू तिला स्पष्ट दिसला. कोणतं पारडं खाली जातंय तेही दिसलं.

"तसंच समजा," थोरला म्हणाला. "व्हॅन काय, जुनी झालीय. विकायचीच होती."

मधलीला वाटलं होतं की असं काही झालं तर आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही. कानशिलं तापली, हातापायांत भलतंच बळ आलं, आणि घड्याळाकडे लक्ष गेलं. दवाखान्याच्या चादरी एव्हाना पोचायला हव्या होत्या, आणि त्या वहिनीच्या नाटकात अडकून नव्या गाडीत बसल्या होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "लिहू नका अजून. माझी फेरी राहिलीय. तुम्ही शेजारी बसा, जाऊन येऊ. मग काय लिहायचं ते लिहा."

कोणी काही बोलायच्या आत तिने नव्या गाडीचं दार उघडलं. दोन गाठोडी आपणहूनच बाहेर पडली. तिने ती उचलून व्हॅनमध्ये भिरकावली आणि धाकट्याला सीटा काढ म्हणून सांगितलं. धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि बहिणीच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून निमूट सीट ओढायला लागला. अभ्रे मळतील म्हणून आई ओरडली. वहिनी गाठोडी पुढे देत होती. मनात नसेलही, पण हात थांबत नव्हते, कारण माल चढवताना रांग लागली की या घरातलं कोणीही रांगेत उभं राहतं. गज खडखडत बसले. पडदा तेवढा ओला राहिला, तो दोरीवरच सोडावा लागला. थोरला मधे उभा राहून अरे, अरे म्हणत होता, आणि सगळे त्याला वळसा घालून जात होते.

व्हॅनचा पहिला गिअर लाडीगोडी लावल्याशिवाय पडत नसे. मधलीने तो पहिल्या झटक्यात पाडला आणि फाटकाबाहेर अशी काढली की बाईंची पिशवी मांडीवरून खाली गेली.

पहिला दवाखाना. मागचा चढाचा रस्ता, त्यावर उलटी गाडी. मधलीने आरशात पाहिलंही नाही, कानाने भिंत जोखत ती मागे गेली. परिचारिका दारातच उभी होती. तिने आज उशीर का म्हणून झापलं आणि न मोजता थप्पी उचलून आत पळाली, कारण मधलीने आणलेलं मोजायची त्या दवाखान्यात पद्धत नव्हती. परतीला मळक्या चादरी आल्या. आता पडदा नव्हता आणि मळकं धुतलेल्याला लागलं तर आजोबा वरून खाली आले असते. मधलीने इकडेतिकडे पाहिलं आणि खानावळीच्या टेबलक्लॉथची थप्पी उचलून तपासनीस बाईंच्या मांडीवर ठेवली.

"धरता का जरा? हनुवटीनं दाबा, म्हणजे घसरत नाही."

बाईंनी हनुवटीने दाबली. त्यानंतरचे सगळे प्रश्न त्यांनी तशाच अवस्थेत विचारले, त्यामुळे ते जरा दबक्या आवाजात आले. घरापासून दुकानापर्यंत व्हॅन वापरता का, ते अंतर धंद्यात धरत नाहीत. मधलीने सांगितलं की आम्ही लाँड्रीच्या वरच राहतो, घर ते दुकान म्हणजे एक जिना, आणि जिन्यावरून व्हॅन जात नाही. रविवारी? रविवारी हॉटेलातली माणसं चादरीशिवाय झोपतात का, असं मधलीने उलट विचारलं. बोळातून समोरून ट्रक आला तेव्हा बाईच आधी म्हणाल्या, डावीकडे घ्या, डावीकडे, जागा आहे. आणि ट्रक आरशाला हात न लावता निघून गेला तशा त्या लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. मधलीलाही हसू फुटलं. इतकी वर्षं ती हे सगळं एकटीने करत आली होती. कोणी शेजारी बसून पाहिलं नव्हतं, आणि आपण हे किती चांगलं करतो हे आज तिला शेजारच्या माणसाच्या श्वासावरून कळत होतं. तिने पुढचं वळण गरजेपेक्षा थोडं जोरातच घेतलं.

"कधी व्हॅन घेऊन स्वतःसाठी कुठे गेलात?" बाईंनी विचारलं.

मधलीने विचार केला. थापा मारता आल्या असत्या. "एकदा," ती म्हणाली. "फेरी लवकर संपली होती. तळ्याकडे जाऊन थोडा वेळ थांबले. एकटीच."

"व्हॅन रिकामी होती?"

"नाही. हॉटेलचे मळके टॉवेल होते."

"मग ती फेरीच," बाई थप्पीवरून म्हणाल्या.

आणि मग, खानावळीच्या मागच्या दाराशी थप्पी खाली उतरवल्यावर, हात मोकळे झाल्यावर, बाईंनी तो प्रश्न विचारलाच. भावाची नवी गाडी धंद्यात किती वापरली जाते?

मधलीने इंजिन बंद केलं. शब्द दिला होता, पण दादाने स्वतःचा आधीच मोडला होता, तेव्हा तिचं तोंड मोकळं होतं. जिभेवर आयतं उत्तर तयार होतं. ती गाडी धंद्यात फिरतच नाही म्हणायचं, की थोरला आपटलाच. तसं म्हटलं असतं तर बाईंनी आज तिच्यावर विश्वास ठेवला असता, हे तिला कळत होतं, आणि त्या कळण्यानेच ती अडली. आपल्याला कोणी खरं मानलं तर खोटं बोलणं फार जड जातं.

"सोमवारी फिरतो दादा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला. सगळे सोमवार. ती ऐकून घ्यायची ताकद माझ्यात नाही, त्याच्यात आहे. मध्ये कधी बँक. बाकी मग घरचंच. वहिनीचं माहेर, लग्नकार्यं, बाजार."

"भावावर चिडला आहात ना?"

"चिडलेच आहे."

"तरी सोमवार सांगितलेत," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून पेन काढलं.

परत आल्या तेव्हा सगळे आवारात जसेच्या तसे उभे होते, जणू मधल्या वेळात कोणी हललंच नव्हतं. बाईंच्या कपड्यांना पांढरे धागे चिकटले होते आणि हनुवटीवर कांजीचा पट्टा उमटला होता. त्यांनी फार पाल्हाळ लावलं नाही. व्हॅन पूर्ण धंद्याची, पूर्ण खर्च मान्य, नवी घेतलीत तर तिलाही हाच न्याय. मात्र फेऱ्या लिहून ठेवायच्या, हे त्यांनी मधलीकडे बोट दाखवून सांगितलं. नव्या गाडीचा सोमवारांपुरता भाग मान्य, उरलेला नाही. मोटारसायकलवरून काय नेता, असं त्यांनी धाकट्याला विचारलं.

"मला," धाकटा म्हणाला.

"मग ती तुमची," बाई म्हणाल्या.

सल्लागाराने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तो ऐकू आला. एवढ्यावर सुटलो, दंड नाही, बाई भल्या आहेत, असं तो थोरल्याच्या कानाशी पुटपुटत होता, पण थोरल्याचं लक्ष तिकडे नव्हतं.

"तू शब्द दिला होतास," तो बहिणीला म्हणाला.

"तूही दिला होतास, दादा."

थोरला आधाराला बायकोकडे वळला. वहिनी मात्र वेगळ्याच विचारात होती. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू विरघळत गेली, आणि तिने बाईंना अगदी जपून विचारलं, म्हणजे सोमवार सोडले तर ती गाडी आता घरची ठरली का? बाई हो म्हणाल्या. सरकारदरबारी? सरकारदरबारी. वहिनीचा चेहरा एकदम उजळला. गाडी घेतल्यापासून तिने कुठे जायचं नाव काढलं की ती धंद्याची गाडी आहे, हे एकच पालुपद तिला ऐकावं लागत होतं. तिने नवऱ्यापुढे हात पसरला.

"अहो, किल्ली द्या इकडे. मी शिकणारेय चालवायला. वन्सं शिकवतील."

नणंद-भावजयीचं सूत या घरात आजवर फक्त वाळत घालायच्या दोरीपुरतं होतं. मधली बघतच राहिली. मग तिने मान हलवली, शिकवीन म्हणून.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद व्हॅनच्या नाकावर ठेवला होता. "व्हॅन कोण चालवतं ते मी आज पाहिलं. पण यांचा पगार कुठे दिसत नाही. धंद्यात या कोण?"

"बहीण आहे आमची," थोरला म्हणाला. "घरचीच. मदत करते."

"वजावटीला अडत नाही. पण मला काहीतरी लिहावं लागेल. नोकर लिहू?"

थोरला नोकर म्हणू शकत नव्हता, आईसमोर तर नाहीच. आणि दुसरा शब्द त्याच्या तोंडून येत नव्हता. मधलीने ते तोंड उघडण्याची वाट पाहिली. वर्षानुवर्षं ती त्या तोंडाचीच वाट बघत आली होती, कधी जेवताना, कधी हिशेबाच्या दिवशी, आज तरी दादा म्हणेल म्हणून. काल तिने व्हॅनमध्ये नुसतं राहू द्यावं एवढंच मागितलं असतं. पण आताच ती सबंध शहराला वळसा घालून आली होती, कानात अजून इंजिन घुमत होतं, आणि एवढ्याशावर तिचं भागेना.

"भागीदार लिहा," ती म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. इस्त्रीच्या खोलीतले कामगारही दाराशी आले. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की आज आहे तेच त्या लिहू शकतात, कुटुंबातली व्यक्ती, बिनपगारी. भागीदार व्हायचं तर करार बदलायला हवा, पुढच्या वेळी त्या तो शब्द आनंदाने लिहितील. मग सगळ्यांनी सल्लागाराकडे पाहिलं. त्याने घसा साफ करून सांगितलं की वडील गेल्यापासून धंद्यात आई, थोरला आणि धाकटा असे तीन भागीदार आहेत. चौथा घ्यायचा तर तिघांच्याही सह्या लागतील.

"कुठे करायची?" आईने विचारलं. तिच्या हातात अजून तो दातांचा ब्रश होता. "सही तेव्हाच व्हायला हवी होती. तुमचे बाबा म्हणायचे, बघू, बघू. मीही गप्प बसले."

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं, आवारात पडलेल्या अभ्र्यांकडे पाहिलं. सकाळी तो एकदा फिरला होता. आता दुसऱ्यांदा फिरला, आणि या वेळी चेहऱ्यावर शरमही होती. माझीही सही धरा, ताईच्या बाजूनं, असं तो म्हणाला.

उरला थोरला. तो वाईट माणूस नव्हता. तो फक्त पहिला होता, आणि पहिल्याला नेहमी वाटतं की आपण बाजूला झालो तर रांगच मोडेल. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि बाईंचं पेन अजून उघडं होतं. त्याने शेवटचा डाव टाकला.

"भागीदारी म्हणजे नुसता नफा नसतो, मधले," तो म्हणाला. "तुझ्या वाट्यावर कर बसेल. तुझ्या नावानं. दर वर्षी भरावा लागेल, तक्रार न करता. कळतंय का?"

कर कमी व्हावा म्हणून त्या आवारात सकाळपासून नळी सोडली गेली होती, गाठोडी कोंबली गेली होती, शब्द दिले आणि मोडले गेले होते. मधलीला त्यातलं काहीच आठवलं नाही. आपल्या नावावर काहीतरी बसणार, आपल्याकडून सरकार काहीतरी मागणार, आपल्याकडे मागण्याजोगं काही आहे असं कागदावर येणार, एवढंच तिला ऐकू आलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की सल्लागार चकित झाला. तीस वर्षांच्या धंद्यात कराचं नाव ऐकून हसलेलं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

"भरीन की," ती म्हणाली. "कधीपासून?"

"ह्याच वर्षापासून," थोरला दरडावून म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला बोलल्यानंतर कळलं.